ऊती कशी फोडली, त्यावर उत्तर ठरतं

टॉर्पेडो मार्मोराटा हा भूमध्य समुद्रात आणि फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यावर सापडणारा, गोलसर तबकासारखा, ठिपकेदार मासा. आपल्याकडचे कोळी ज्यांना पाकट म्हणतात, त्यांचाच हा नातलग. चेताटोकातून संदेशाचं रसायन नेमकं कसं सुटतं, हा वाद याच माशाच्या अवयवावर लढला गेला. डोक्याच्या दोन्ही बाजूंना, कातडीखाली, मूत्रपिंडाच्या आकाराचा एकेक वीजअवयव असतो. कातडी सोलली की मधमाशांच्या पोळ्यासारखी षट्कोनी नक्षी दिसते. प्रत्येक षट्कोन म्हणजे पोटापासून पाठीपर्यंत उभा असलेला एक स्तंभ. जॉन हंटर या शल्यविशारदाने १७७३ साली असे स्तंभ मोजले होते: एका अवयवात ४७०, आणि एका फारच मोठ्या माशात ११८२. प्रत्येक स्तंभात एकावर एक रचलेल्या शेकडो चपट्या पेशी असतात. त्यांना आपण तबकड्या म्हणू.

या तबकड्या मुळात स्नायूच्या पेशी आहेत. पिल्लू आईच्या पोटात वाढत असताना त्यांच्यात स्नायूसारखे आडवे पट्टे दिसतात. पुढे ते विरघळून जातात आणि पेशी चपटी होते. आकुंचन पावायची यंत्रणा जाते, पण चेतातंतूचा संदेश घेणारा पृष्ठभाग राहतो आणि प्रचंड वाढतो. आपल्या स्नायूतंतूवर चेतासंधीची जागा एखाद्या ठिपक्याएवढी असते. टॉर्पेडोच्या तबकडीची पोटाकडची बाजू मात्र चेताटोकांच्या जाळीने जवळजवळ झाकलेली असते. संधी त्याच जातीची, रसायनही तेच, ॲसिटिलकोलीन. फरक फक्त प्रमाणाचा, आणि रसायनशास्त्रज्ञाला हवं असतं ते नेमकं प्रमाणच. या अवयवाच्या एका ग्रॅममध्ये साधारण एक मायक्रोमोलच्या आसपास ॲसिटिलकोलीन मिळतं. स्नायूत ते याच्या पासंगालाही पुरत नाही.

विजेचा भाग थोडक्यात सांगतो. मेंदूतल्या वीजखंडांतून निघालेल्या चार जाड चेता प्रत्येक अवयवात शिरतात आणि सगळ्या तबकड्यांना जवळजवळ एकाच क्षणी संदेश देतात. ॲसिटिलकोलीन सुटलं की पोटाकडच्या पटलातल्या, म्हणजे पेशीच्या पातळ आवरणातल्या, वाहिन्या उघडतात आणि तिथलं विद्युत्दाब शून्याकडे जातं. पाठीकडचं पटल, त्यातल्या क्लोराइड वाहिन्यांमुळे, आपल्या जागी स्थिर राहतं. दोन्ही बाजूंतला फरक प्रत्येक तबकडीमागे सुमारे ०.०७ ते ०.०९ व्होल्ट. अशा पाचशे-सहाशे तबकड्या एकसर जोडल्या की चाळीस-पन्नास व्होल्ट होतात. खारं पाणी वीज सहज वाहून नेतं, म्हणून समुद्रातल्या माशाला दाबापेक्षा प्रवाह जास्त लागतो, आणि तो शेकडो स्तंभ समांतर असल्याने मिळतो. ॲमेझॉनच्या गोड्या पाण्यातल्या वीजईलची रचना याच्या उलट, लांबच लांब. एक गोष्ट मात्र टॉर्पेडोची खास. त्याच्या तबकडीत स्वतःहून पेटणाऱ्या सोडियम वाहिन्या नाहीत, त्यामुळे अवयवातून निघालेला प्रत्येक मिलिव्होल्ट थेट सुटलेल्या ॲसिटिलकोलीनचा असतो. चेताटोकं किती रसायन सोडताहेत हे त्या झटक्यावरून वाचता येतं.

१९३९च्या उन्हाळ्यात बोर्दोजवळच्या आर्काशाँच्या सागरी केंद्रात विल्हेल्म फेल्डबर्ग, आल्फ्रेड फेसार आणि डेव्हिड नाखमानसोन यांनी ते रसायन पकडलं. फेल्डबर्ग आणि नाखमानसोन दोघेही नाझी राजवट आल्यावर जर्मनी सोडून आलेले. अवयवाच्या रक्तवाहिनीतून द्रव वाहता ठेवायचा, त्यात एसेरिन मिसळायचं म्हणजे ॲसिटिलकोलीन तोडणारं एन्झाइम गप्प बसेल, मग चेता उत्तेजित करायची आणि बाहेर पडणारा द्रव गोळा करायचा. मोजमाप जळवेच्या पाठीच्या स्नायूवर. एसेरिन लावलेली ती पट्टी अत्यल्प ॲसिटिलकोलीनलाही आकुंचन पावते. एसेरिन विसरलं तर हाती काहीच येत नाही, कारण या अवयवात ते एन्झाइम इतकं आहे की सुटलेलं रसायन द्रवात पोचायच्या आत संपतं. उलट दिशेनेही त्यांनी तपासलं: धमनीतून ॲसिटिलकोलीन सोडलं तर चेतेला हात न लावताही अवयव विद्युत्दाब दाखवतो. चेताटोकातून रसायन सुटतं आणि त्याच रसायनाने झटका बसतो, हे पक्कं झालं. ते टोकाच्या आत कुठे साठवलेलं असतं आणि बाहेर कसं पडतं, हा प्रश्न मात्र पुढची पन्नास वर्षं धगधगत राहिला.

१९५०च्या दशकात दोन धागे जुळले. बर्नार्ड काट्झ आणि सहकाऱ्यांनी बेडकाच्या स्नायूवर दाखवलं की ॲसिटिलकोलीन सलग धारेत न येता ठरावीक आकाराच्या पुड्यांमध्ये येतं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली चेताटोकांत गोल गोल पुटिका, म्हणजे पटलाच्या इवल्याशा पिशव्या, खच्चून भरलेल्या दिसल्या. एक पुडी म्हणजे एक पुटिका, असं समीकरण सुचणं साहजिक होतं. सिद्ध करायचं तर पुटिका वेगळ्या काढून त्यांत काय भरलंय ते पाहावं लागणार. मेंदूतून काढलेल्या पुटिकांमध्ये ॲसिटिलकोलीनवाल्या थोड्या आणि बाकीच्या भलत्याच रसायनांच्या. टॉर्पेडोच्या अवयवात मात्र सगळ्या एकाच जातीच्या. इंग्लंडमधले आणि नंतर ग्यॉटिंगनच्या माक्स प्लांक संस्थेतले व्हिक्टर व्हिटेकर म्हणूनच या माशाकडे वळले. १९६६ साली त्यांनी शेरिडन आणि मॉरिस इस्राएल यांच्यासोबत अवयवाचे पेशीभाग वेगळे केल्याचा अहवाल छापला. यातले इस्राएल पुढे व्हिटेकर यांचे सर्वांत ठाम विरोधक झाले, हे लक्षात ठेवावं.

आता प्रत्यक्ष पद्धत. पहिली अडचण क्षारांची. टॉर्पेडोच्या रक्तात युरिया भरपूर असतो, आणि त्याच्या पेशींतल्या द्रवाचं परासरण बल समुद्राच्या पाण्याच्या जवळपास, म्हणजे आपल्या पेशींच्या तिप्पट. उंदराच्या मेंदूसाठी वापरतात ते ०.३२ मोलर साखरेचं द्रावण इथे वापरलं की चेताटोकं फुगतात, पुटिका फुटतात आणि आतलं सगळं बाहेर. जिवंत तुकडा टिकवायचा तर द्रावणात साधारण २८० मिलिमोलर मीठ आणि ३०० मिलिमोलर युरिया लागतो, वर थोडं पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, ग्लुकोज आणि बफर. पुटिका काढायच्या तर ०.२ मोलर साखर अधिक ०.३ मोलर मीठ. एकूण हिशोब ०.८ ऑस्मोलरच्या घरात बसला पाहिजे, तो चुकला तर पुढचं काहीच बरोबर येत नाही.

दुसरी अडचण पोताची. हा अवयव जेलीसारखा, बहुतांश पाण्याचा, आणि मध्ये चिवट कोलॅजनचे पडदे. पात्याच्या मिक्सरने वाटला तर पडदे तुटत नाहीत, पण नाजूक पटलांच्या चिंध्या होतात. व्हिटेकर यांच्या गटाचा मार्ग वेगळा होता. बेशुद्ध केलेल्या माशाचा अवयव काढायचा, तुकडे द्रव नायट्रोजनमध्ये गोठवायचे आणि गोठलेल्या अवस्थेतच खलात कुटून जाडसर भुकटी करायची. कुटताना चेताटोकं तडकतात, पण त्यांहून कितीतरी लहान असलेल्या पुटिका बऱ्याचशा सुखरूप राहतात. भुकटी फार बारीक केली तर त्याही फुटतात, म्हणून ‘जाडसर’ हा शब्द गंभीरपणे घ्यायचा. मग ती थंड द्रावणात वितळू द्यायची, कापडातून गाळायची आणि १०,००० जी बलावर अर्धा तास फिरवून जड कचरा खाली बसवायचा. वरचा द्रव झोनल रोटरमध्ये, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या मोठ्या पोकळ भांड्यात, अशा ग्रेडियंटवर (घनता क्रमाने बदलत जाणाऱ्या द्रावणावर) सोडायचा की एका टोकाला ०.२ मोलर साखर व ०.३ मोलर मीठ आणि दुसऱ्या टोकाला ०.८ मोलर साखर असेल. घनता बदलत जाते, परासरण बल मात्र सगळीकडे सारखंच राहतं. सुमारे तीन तासांनी पुटिका साधारण ०.४ मोलर साखरेच्या पातळीवर, १.०५५ घनतेपाशी, स्वतंत्र शिखर करून थांबलेल्या मिळतात. विरघळलेली प्रथिनं मागेच राहतात. मिठाचं काम इथे दुहेरी: द्रव पातळ राहतो, आणि मोकळी प्रथिनं पुटिकांना चिकटत नाहीत. अजून शुद्धता हवी असेल तर छिद्रयुक्त काचेच्या मण्यांच्या स्तंभातून गाळतात.

अशा पुटिकेचा व्यास सुमारे ९० नॅनोमीटर, आपल्या स्नायूसंधीतल्या पुटिकेच्या जवळजवळ दुप्पट. आत ॲसिटिलकोलीनचे दोन लाखांच्या आसपास रेणू, आणि साधारण पाचास एक या प्रमाणात एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू. इतकं कोंबलं कसं जातं तेही याच शुद्ध पुटिकांवर उलगडलं. पटलातला पंप एटीपी खर्चून प्रोटॉन आत ढकलतो, आतला द्रव आम्ल होतो, आणि दुसरं एक वाहक प्रथिन आतले दोन प्रोटॉन बाहेर सोडून त्या बदल्यात एक ॲसिटिलकोलीन आत घेतं. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनली पार्सन्स यांच्या गटाला १९८०च्या दशकात या वाहकाला अडवणारं औषध सापडलं, आज ते व्हेसामिकॉल नावाने ओळखलं जातं. ते दिलं की पुटिका रिकाम्याच राहतात.

इथपर्यंत चित्र सुरेख दिसतं. पण पॅरिसजवळ मॉरिस इस्राएल आणि जिनिव्हात इव दुनां यांना दुसरंच काही दिसत होतं.

त्यांची पद्धत अशी. अवयवाचे दोन सारखे तुकडे घ्यायचे. एक थेट ट्रायक्लोरोॲसेटिक आम्लात बुडवायचा. एन्झाइम तत्क्षणी मरतं आणि सगळं ॲसिटिलकोलीन मोजता येतं. दुसरा साध्या द्रावणात वाटून थोडा वेळ ठेवायचा. पुटिकांबाहेरचं, पेशीद्रवातलं ॲसिटिलकोलीन तेवढ्यात एन्झाइम खाऊन टाकतं, पुटिकांतलं वाचतं, मग आम्ल घालायचं. दोन्हींतला फरक म्हणजे ‘मोकळा’ साठा. चेता थोडा वेळ उत्तेजित केल्यावर कमी व्हायचा आणि पुन्हा भरायचा तो हाच मोकळा साठा, पुटिकांतला जवळजवळ जसाच्या तसा. किरणोत्सारी खूण केलेलं ताजं ॲसिटिलकोलीन सर्वांत आधी बाहेर पडायचं, आणि ते मोकळ्या साठ्यात असायचं. शिवाय पुडीचा आकार. दुनां यांनी टॉर्पेडोच्या संधीवर एक पुडी मोजली तर ती सात ते दहा हजार रेणूंची भरली, पुटिकेत मात्र दोन लाख. पुटिका रिकामी होत असेल तर पुडी वीसपट मोठी हवी होती. त्यांचा निष्कर्ष: ॲसिटिलकोलीन पेशीद्रवातून, पटलातल्या एखाद्या प्रथिनाच्या झडपेतून सुटतं, आणि पुटिका म्हणजे मागचं गोदाम.

हा वाद ‘जुनी चूक’ म्हणून उडवून लावणं मला अन्यायाचं वाटतं. मोजमाप उत्तम होतं. इस्राएल आणि लेबा यांनी १९८१ साली काढलेली प्रकाशमापनाची रीत आजही वापरण्यासारखी आहे. ॲसिटिलकोलीनचं कोलीन करायचं, कोलीन ऑक्सिडेज त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड काढतं, आणि पेरॉक्सिडेज व ल्युमिनॉलच्या साहाय्याने त्याचा प्रकाश होतो. पिकोमोलच्या पातळीवर, सुटत असतानाच, रसायन मोजता येतं. फसायच्या जागा दोन: नमुन्यात आधीपासून मोकळं कोलीन असेल तर खोटा प्रकाश दिसतो, म्हणून ते आधी जाळून टाकून पार्श्वभूमी खाली येईपर्यंत थांबावं लागतं. आणि ॲस्कॉर्बेटसारखं कुठलंही क्षपणक असेल तर ते पेरॉक्साइड गिळतं, प्रकाश मावळतो, आणि काहीच सुटलं नाही असा भास होतो. म्हणून प्रत्येक नमुन्याच्या शेवटी त्याच भांड्यात ठाऊक मात्रेचं ॲसिटिलकोलीन टाकून उजेड तपासायचा.

खरी गोम ऊती फोडण्यात होती. गोठवून कुटलं की पेशीद्रव सांडतो, एन्झाइम तो संपवतं, आणि हाती फक्त पुटिका उरतात. मग पुटिकाच सर्वस्व वाटणार. उलट दुसऱ्या रीतीत वाटताना जी पुटिका फुटेल तिचा माल आपोआप ‘मोकळ्या’ खात्यात जमा होतो. दोन्ही गट प्रामाणिक होते आणि प्रत्येकाच्या खलात दुसऱ्याचा पुरावा नष्ट होत होता.

कोंडी फोडायला हर्बर्ट झिमरमान आणि व्हिटेकर यांचा १९७४ पासूनचा प्रयोग महत्त्वाचा ठरला. चेतेला सेकंदाला पाच या वेगाने अठराशेच्या आसपास ठोके दिले की अवयव थकतो, झटका नाममात्र उरतो. अशा अवयवातून पुटिका कमी मिळतात आणि त्यांतलं ॲसिटिलकोलीन त्याहून कमी. मग माशाला विश्रांती दिली तर पुटिकांचा एक नवा गट दिसतो: व्यासाने सुमारे पाव हिश्शाने लहान, घनतेने जड. या पुटिका एकदा रिकाम्या होऊन पुन्हा भरत असलेल्या. ताजं, खूण केलेलं ॲसिटिलकोलीन त्यांच्यातच सापडतं. ताजं आधी सुटतं या निरीक्षणाचं कोडं इथे बरंचसं सुटलं. वापरातल्या थोड्या पुटिका पुन्हा पुन्हा भरतात आणि रित्या होतात, राखीव गठ्ठा तसाच पडून असतो. हा जड गट ग्रेडियंटमध्ये थोडा खाली, पटलांच्या तुकड्यांच्या शेजारी बसतो. शिखराचा तेवढा भाग ‘अशुद्ध’ म्हणून फेकून दिला की उत्तरच फेकलं जातं.

तरीही सगळे प्रश्न मिटले नाहीत. जिनिव्हाच्या गटाने १९८७ साली अवयवाचे पातळ तुकडे उत्तेजनाच्या नेमक्या मिलिसेकंदाला झटपट गोठवले आणि पटल उघडून पाहिलं. सुटकेच्या क्षणी पटलात मोठे कण वाढलेले दिसले, पुटिका उघडल्याच्या खुणा मात्र तशा वाढलेल्या दिसल्या नाहीत. जॉन ह्यूझर यांनी त्याआधी, १९७९ साली, बेडकाच्या संधीवर द्रव हेलियमने थंड केलेल्या तांब्याच्या ठोकळ्यावर असंच गोठवून उघडलेल्या पुटिका दाखवल्या होत्या, पण त्यासाठी सुटका अनेकपट वाढवणारं ४-अमिनोपिरिडीन द्यावं लागलं होतं. इस्राएल यांनी आपली झडप टॉर्पेडोच्या पटलातून वेगळीही काढली आणि तिला मेडिएटोफोर नाव दिलं. ते १५ किलोडाल्टनचं प्रथिन पुढे पुटिकांच्या प्रोटॉन पंपाचाच एक घटक निघालं.

वजन पुटिकांच्या बाजूला झुकलं ते प्रथिनांमुळे, आणि तेही याच माशाच्या घरातून. १९८८ साली स्टॅनफर्डमध्ये रिचर्ड शेलर यांच्या गटाने टॉर्पेडो कॅलिफोर्निकाच्या पुटिकांवरचं व्हॅम्प हे छोटं प्रथिन शोधलं. १९९२ साली इटलीतल्या संशोधकांनी दाखवलं की धनुर्वाताचं विष आणि बोट्युलिनम बी विष हे नेमकं त्याच प्रथिनाला एका ठरावीक जागी कापतं, आणि सुटका थांबते. पुटिकेवरचं प्रथिन कापल्यावर जर संदेश थांबत असेल, तर सुटकेत पुटिका आहेच. कॅल्शियम आत आल्यावर पुटिका पटलाला कशी जोडली जाते याची यंत्रणा पुढे जेम्स रॉथमन आणि थॉमस सूदहोफ यांच्यासारख्यांनी उलगडली, आणि त्यांना रँडी शेकमन यांच्यासह २०१३चं नोबेल मिळालं. सात हजार आणि दोन लाख यांतली तफावत मात्र माझ्या मते अजूनही तेवढ्या सहज पुसता येत नाही.

संधीच्या पलीकडच्या बाजूनेही टॉर्पेडोने भरभरून दिलं. ॲसिटिलकोलीनचा संदेश घेणाऱ्या ग्राही प्रथिनाला घट्ट धरणारं अल्फा-बंगारोटॉक्सिन तैवानच्या पट्टेरी मण्यारच्या विषातून १९६३ साली वेगळं झालं, आणि त्याचा गळ टाकून वीजमाशांतून ग्राही शुद्ध झाला. आपल्याकडच्या मण्यारच्या विषात याच संधीच्या दोन्ही बाजूंवर हल्ला करणारे रेणू असतात. त्यातला चेताटोकावर बसणारा रेणू टोकाचं पटलच नासवतो, पुटिका संपतात, सुटका बंद पडते. म्हणून नागाच्या दंशात निओस्टिग्मीनने, म्हणजे ॲसिटिलकोलीन तोडणारं एन्झाइम अडवणाऱ्या औषधाने, पापण्या उचलल्या जातात, मण्यारच्या दंशात बहुधा नाही. सोडायला ॲसिटिलकोलीनच नसेल तर ते जास्त वेळ टिकवून उपयोग काय. तिथे प्रतिविष लवकर देणं आणि नवी टोकं फुटेपर्यंत, कधी कित्येक दिवस, व्हेंटिलेटरवर श्वास चालू ठेवणं एवढाच मार्ग.

आणि ते तोडणारं एन्झाइम. नाखमानसोन पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे अर्विन विल्सन यांनी वीजईलच्या एन्झाइमवर काम करत १९५५ साली प्रॅलिडॉक्सिम तयार केलं. जिल्हा रुग्णालयांत डॉक्टर त्याला पॅम म्हणतात, आणि ऑरगॅनोफॉस्फेट कीटकनाशकाच्या विषबाधेत ॲट्रोपीनच्या जोडीला ते दिलं जातं. अशी कीटकनाशकं २०१७ साली यवतमाळमध्ये कपाशीवर फवारणाऱ्यांना झालेल्या विषबाधेतही होती. विष एन्झाइमच्या सेरीन या अमिनो आम्लावर फॉस्फेट चिकटवतं, पॅम ते ओढून काढतं. पण उशीर झाला तर त्या फॉस्फेटवरचा एक अल्किल गट गळून पडतो आणि मग ते कशानेच सुटत नाही. डायमिथिल जातीच्या विषात हे अवघ्या काही तासांत घडतं, डायइथिल जातीत साधारण दीड दिवस मिळतो. म्हणून रुग्णासोबत फवारणीचा डबा किंवा त्याचं लेबल आणायला सांगतात. एन्झाइमची पहिली स्फटिकरचना १९९१ साली इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेत टॉर्पेडो कॅलिफोर्निकाच्या अवयवातून मिळाली. त्यात दिसलं की क्रियास्थळ एका खोल, अरुंद घळीच्या तळाशी आहे, आणि सेरीनवरचं फॉस्फेट काढायचं तर पॅमला त्या घळीतच उतरावं लागतं.